भेटीचा वार

तुकारामाची उडवी भर दुपारी जळाली. झोडणी अजून व्हायची होती. वर्षाचं सगळं भात पेंढ्यांसकट खळ्याच्या कडेला रचून ठेवलेलं. वाडीतली माणसं हंडे-कळश्या घेऊन धावली, पण वारा डोंगरावरून खाली येत होता. पाणी पडेपर्यंत भाताच्या लाह्या फुटायला लागल्या आणि लहान पोरं त्या वेचायला पुढं व्हायला लागली. बांधावर मोरू उभा होता. हातातली चूड विझली होती तरी त्यानं ती टाकली नव्हती.

"हे काय केलंस रं?" तुकाराम ओरडला.

"आत कोण तरी रडत व्हतं," मोरू म्हणाला. "त्याला वाट करून दिली."

बाबाजीनं लेकाच्या मुठीतून चूड सोडवून घेतली. मोरू विशीतला, बापापेक्षा वीतभर उंच. दिवाळीपासून त्याची झोप गेली होती. जेवता जेवता उठायचा, डोंगराकडं कान लावायचा, मधेच कुणाला तरी 'व्हय, व्हय, आलो' म्हणायचा. त्याची आई मनुबाई म्हणायची, दमलाय, कापणीत लई राबला. बाबाजीनंही तेच धरून ठेवलं होतं.

संध्याकाळी बाबाजी तुकारामाच्या अंगणात गेला. बसला नाही.

"माझी उडवी उद्यापास्नं तुझी," तो म्हणाला.

तुकाराम जमिनीकडं बघत राहिला. "भात मी घेतो बाबाजी. मला पोरं हायत. पर त्याला बांध. उद्या घर पेटवलान, तर मी कुणाकडं काय मागू?"

मोरूला गोठ्यात मधल्या मेढीला बांधला. बैलाचं दावं होतं, तेच पायाला घातलं. गाठ बाबाजीनं मारली. मोरूनं पाय पुढं करून दिला आणि गाठ कशी मारतात ते बघत राहिला. पहिले दोन दिवस त्यानं दावं ओढलं नाही. मग ओढायला लागला. घोट्याची कातडी गेली, मांस दिसायला लागलं. मनुबाई खोबरेल तेलात हळद कालवून लावायची. तो पुन्हा ओढायचा. भाकरी ती आपल्या हातानं भरवायची. कधी खायचा, कधी तिच्या तोंडावर थुंकायचा. ती पदरानं पुसायची आणि दुसरा घास पुढं करायची.

भगताला आणला. त्यानं मिरच्यांची धुरी दिली आणि निगडीच्या ओल्या फोकांनी पाठ सोलून काढली. मोरू उसळत होता म्हणून बाबाजीनं मागून त्याचे दोन्ही हात धरले होते. भगत गेल्यावर मनुबाई नवऱ्याशी तीन-चार दिवस बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, एवढंच.

शेवटी पोलीस पाटील म्हणाला, "अशानं पोर मरंल तरी, न्हायतर कुणाला मारंल तरी. पेणच्या कचेरीत ने. ते ठाण्याला धाडतात."

ठाण्याला म्हणजे कुठं, हे वाडीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. भांडणात एकमेकांना म्हणायचाच शब्द होता तो.

माघात बैलगाडी करून त्याला पेणला नेला. कचेरीत डॉक्टरनं तपासलं, साहेबानं हुकूम दिला. धरमतरला मचवा उभा होता, पेंढा भरून ठाण्याला चाललेला. तांडेलानं मोरूकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "हात बांध त्याचे. दर्यात कुणी उडी मारली तर मी थांबायचो न्हाय." बाबाजीनं आपल्या मुंडाशाची पट्टी फाडली आणि लेकाचे हात बांधले. मचव्यात एक बाई होती. तिनं आपलं पोर उचलून पेंढ्याच्या पलीकडं नेलं. मोरू मात्र सबंध वाटेत शांत होता. पाण्याकडं बघत होता. एकदा म्हणाला, "आये, तहान लागली." आईनं तांब्या तोंडाला लावला.

ठाण्याचं वेड्यांचं इस्पितळ भिंतीच्या आत होतं. आत झाडं होती, मळा होता, कौलारू लांब चाळी होत्या. मनुबाईला वाटलं होतं तसा आरडाओरडा ऐकू येत नव्हता. एक माणूस झाडलोट करत होता. तो वेडा की नोकर, तिला कळलं नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मोरूचा पाय हातात घेतला.

"हे कशानं?"

"दाव्यानं," बाबाजी म्हणाला.

"केव्हापासून बांधलं होतं?"

बाबाजीनं बायकोकडं बघितलं. "मार्गेसरापास्नं."

डॉक्टरांनी मोरूला वळवलं, बंडी वर केली. "आणि ही पाठ?"

"भगतानं केलान."

"तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"हात मी धरले व्हते, साहेब."

डॉक्टर रागावले नाहीत. 'बरं' म्हणाले आणि लिहायला लागले. ते रागावले असते तर बाबाजीला बोलायला काहीतरी सापडलं असतं.

"घराण्यात कुणाला असं झालं होतं?"

"न्हाय," मनुबाई म्हणाली. तिचा थोरला भाऊ वर्षभर रानातून फिरला होता आणि विहिरीत सापडला होता. बाबाजीला ते ठाऊक होतं. तोही गप्प राहिला.

मोरूला आत नेला. तो वळून बघेल म्हणून दोघं उभी राहिली. त्यानं बघितलं नाही. थोड्या वेळानं शिपाई एक गाठोडं घेऊन आला. धोतर, बंडी, टोपी आणि सगळ्यांच्या वर काळा करदोडा, कातरीनं कापलेला.

मनुबाईनं तो उचलला आणि तिचा आवाज चढला. "जित्या माणसाचा करदोडा तोडतात व्हय रं? मेल्यावर तोडतात ना?"

"बाई, इथं सगळ्यांचा काढतो," शिपाई म्हणाला. त्याला हे रोज सांगावं लागत असणार. "कुणी गळ्याला आवळून घेतला मग? भेटीचा वार रविवार. आता जा."

फाटकाबाहेर येऊन मनुबाई रस्त्याकडेच्या चिंचेखाली बसली. बाबाजी उभाच राहिला.

"चल. पाणी चढलं की मचवा सुटंल."

"तुमी जा."

"म्हंजे?"

"त्याचा करदोडा पदरात घेऊन मी वाडीत पाऊल टाकू? बाया रडायला येतील. मी न्हाय येत."

"ऱ्हाशील कुठं? खाशील काय?"

"घरी तरी काय हाय खायला? उडवी तुमी देऊन आलाव."

बाबाजीनं तिचा दंड धरून ओढली. येणारी-जाणारी माणसं थांबली. इस्पितळाच्या दारात ओढाताण करणारी दोघं बघून एक म्हातारा हसला आणि म्हणाला, "आता ह्यातलं कोण आत जायचं?" बाबाजीनं हात सोडला.

वाडीतली शकू म्हणून एक पोरगी ठाण्याच्या खाडीकाठी दिली होती. तिचा नवरा मिठागरात होता. बाबाजीनं विचारत विचारत तिचं झोपडं काढलं, बायकोला तिथं पोचवली आणि एकटा धक्क्यावर गेला. रिकाम्या मचव्यात त्याला पाय पसरून झोपता आलं असतं. तो पुढच्या टोकाला, नाळेवर, उकिडवा बसून आला.

वाडीत पहिल्यांदा तुकारामानंच विचारलं, "ठेवलास?"

"ठेवला."

"नि वयनी?"

"ऱ्हायली."

तुकारामानं पुढं विचारलं नाही. पण विहिरीवर बोलणं झालंच. पोर वेडं झालं आणि बायकोनं नवरा टाकला, इथपासून तिनं मिठागरात दुसरा केला, इथपर्यंत ते गेलं.

मनुबाई मीठ ओढायला लागली होती. मिठाच्या सत्याग्रहाची गडबड सरून वर्ष झालं होतं. मिठागरावर आता शिपायांपेक्षा मजूरच जास्त दिसत होते. शकूनं तिला कामाला लावली. लाकडी फावड्यानं मीठ काठाला ओढायचं, टोपलीत भरून बांधावरच्या ढिगावर टाकायचं. टोपलीतून पाझरलेलं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं आणि वाळून पांढरं व्हायचं. तळहाताच्या भेगांत मीठ गेलं की घास धरवत नसे. ती डाव्या हाताच्या बोटांनी खायची. रविवारी अंगावरचं मीठ धुऊन, केसांना तेल लावून इस्पितळात जायची. मोरू कधी बोलायचा नाही. भिंतीकडं तोंड करून बसायचा. ती वेळ संपेपर्यंत त्याच्या शेजारी बसायची आणि परत यायची.

इकडं बाबाजी पहाटे उठून चूल पेटवायचा. भाकरी थापता यायची नाही. तांदळाची पेज करायचा, तीच दोन वेळा. तांदूळही मनुबाईनंच मचव्याबरोबर धाडलेला असायचा, फडक्यात बांधून, वर मूठभर सुकट. बरोबर निरोप काही नसायचा. पुरचुंडी हातात देताना तांडेल म्हणायचा, "घे, तुझी बायको कमावती झाली."

त्यानं चैत्रात शेण-पालापाचोळा पसरून राब भाजला. बियाण्याला भात नव्हतं. एका सकाळी ओटीवर कुणी तरी भाताची पायली ठेवून गेलेलं दिसलं. दुपारी तुकाराम बांधावर भेटला तेव्हा बाबाजी काही बोलणार, तोच तो म्हणाला, "तुझ्याच उडवीतलं हाय." आणि पुढं गेला.

पाऊस वेळेवर लागला. पेरलेलं उगवलं, आवणाची रोपं हातभर झाली. बाबाजीनं उखळणी, चिखलणी एकट्यानं काढली. मागून बैल हाकायला कुणी नव्हतं. लावणी मात्र एकट्याच्यानं होणारी नव्हती. वाडीत सावड होती: तुझ्या शेतात जितक्या बाया आल्या, तितके दिवस तुझ्या घरची बाई त्यांच्या शेतात. तुकारामाची बायको कमळ बायांची म्होरकी होती. बाबाजी तिच्याकडं गेला.

"येऊ की दादा," कमळ म्हणाली. "पर सावड फेडायची कुणी? तुमच्याकडं बाई कुठं हाय?"

"मी हाय."

बाया हसल्या. पदर तोंडाला लावून, एकमेकींच्या खांद्यावर पडून हसल्या. बाबाजी हसणं थांबेपर्यंत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी तो मनुबाईचं इरलं पाठीवर घेऊन बायांच्या ओळीत उतरला. घोंगडी घेऊन वाकता येत नव्हतं. नांगरावर उभ्यानं जन्म गेलेला. दिवसभर कमरेत मोडून राहायची त्याला सवय नव्हती. सकाळ सरेपर्यंत पाठीत काठी घातल्यासारखं व्हायचं, दुपारनंतर उभं राहताच यायचं नाही. त्यानं लावलेली रोपं मागं तरंगायची. कमळ ती परत रोवत यायची.

"अंगठ्यानं दाबा, दादा. नुसतं ठेवू नका."

तो अंगठ्यानं दाबायला लागला. नखाच्या कडेनं कातडी उलून रक्त यायचं, चिखलात दिसायचं नाही. पुरुष ओळीत आहे म्हणून बायांनी गाणी बंद ठेवली होती. थोड्या दिवसांनी त्या त्याला विसरल्या आणि पुन्हा गायला लागल्या. एका तरुण सुनेनं त्याचं नाव बाबाजीबाय पाडलं. ते बांधाबांधावरून वाडीत गेलं. पोरं हाका मारायला लागली. पहिल्या हाकेला त्याचं कपाळ तापलं. नंतर तो 'ओ' द्यायला लागला. सावड फेडून झाली तेव्हा आषाढ संपला होता. त्याचं शेत लागून हिरवं झालं होतं.

श्रावणात खाडी बंद. मचवे ओढून किनाऱ्याला शाकारलेले. परड्यातल्या काकडीचं एक मोठं तवसं पंच्यात बांधून बाबाजी पायी निघाला. पेण, पनवेल, मग ठाणं. पायाची बोटं चिखल्यांनी कुजली होती. चालता चालता त्याचा राग वाढत गेला. लावणी होऊन गेली, बायको आली नाही. लोकांनी नवऱ्याला बाय केलं, तिला पत्ता नाही. गेल्या गेल्या झिंज्या धरून उठवायची आणि घरी आणायची, हे त्यानं पनवेलीलाच ठरवून टाकलं.

शकूच्या झोपड्यात मनुबाई कुणाचं तरी भात कांडत होती. मीठ बंद झाल्यापासून ती शेटांच्या घरची कांडणं आणत होती. हातात मुसळ तसंच धरून तिनं वर बघितलं. ती वाळली होती. खांद्याची हाडं वर आली होती.

"चल," बाबाजी म्हणाला.

"उद्या भेटीचा वार हाय. त्याला बघा, मग काय त्ये बोला."

रविवारी दोघं गेली. मोरू आला तो शिपायाच्या मागून, स्वतःच्या पायांनी. डोकं भादरलेलं, अंगात इस्पितळाचा सदरा, गाल जरा भरलेले. घोट्यावर पांढरी कातडी धरली होती. आईला बघून तो जवळ आला. मग त्याला बाप दिसला.

तो थांबला. त्यानं दोन्ही पाय जुळवले, दोन्ही हात मनगटाशी मनगट लावून पुढं केले आणि मान खाली घालून उभा राहिला.

बाबाजीला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसा तो मागं सरला. पाठ भिंतीला लागली.

"बस रे मोरू," शिपाई म्हणाला. "कुणी न्हाय बांधत."

मोरू बसला. हात तसेच मांडीवर जोडलेले. बाबाजीनं तवसं गुडघ्यावर आपटून फोडलं, फोड पुढं केली. मोरूनं घेतली नाही. तीच फोड मनुबाईनं दिली तेव्हा खाल्ली. बिया, रस, साल, सगळी.

निघताना डॉक्टर भेटले. बाबाजीनं विचारलं, "घरी कधी न्यावा, साहेब?"

"इतक्यात नाही. सुधारतो आहे. मळ्यात काम दिलं की बरा असतो. पुढचा पावसाळा झाल्यावर बघू." मग त्यांनी विचारलं, "घरी नेल्यावर पुन्हा बांधाल?"

बाबाजी पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून बोलला. "तुमच्याकडं भिंत हाय, साहेब, शिपाई हायत. माझ्या घराला कूड हाय. उडवी जळाली तवा आमी दोघं व्हतो, तरी झालं. न बांधू तर काय करू, त्ये सांगा."

"ते खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "पण तो तुम्हाला घाबरतो. तेवढं आधी जायला हवं."

परत येताना पाऊस कोसळत होता. झोपड्यात आल्यावर बाबाजी खांबाला टेकून बसला. मनुबाईनं चुलीपाशी त्याचे पाय बघितले. बोटांच्या बेचक्यांतून मांस निघालं होतं.

"एवढ्या चिखल्या कशानं? लावणी कुणी केली?"

"मी."

"बायांत?"

"तुझं इरलं घेतलं व्हतं."

ती हसली नाही. तिनं तेल गरम केलं आणि बोटाबोटांतून सोडायला लागली. भाजत होतं, तो ओठ दाबून बसला. तिच्या तळहाताच्या भेगा त्याच्या पायाला खरखरत होत्या. घरी चलण्याचं त्यानं काढलंच नाही.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "कापणीला ये. ती मला एकट्याला जमायची न्हाय. झोडणी झाली की तू घर बघ, मी इकडं ऱ्हातो. मीठ ओढीन."

"तुमाला बघून तो हात पुढं करतो."

"करू दे. करून करून थांबंल."

तिनं तेलाची वाटी खाली ठेवली. "पन्नाशीत मीठ ओढाल?"

"लावणी केली की."

दर्या उघडल्यावर पहिल्या मचव्यानं मनुबाई वाडीत आली. विहिरीवर बायांनी तिला विचारलं, "पोर मेला का गो?" ती म्हणाली, "न्हाय, वांगी खुरपतो." कापणी, झोडणी झाली. त्या वर्षी उडवी आपल्या खळ्यावर होती.

मार्गशीर्षात बाबाजी ठाण्याला गेला. मिठागरात पोरसवदा गडी त्याच्या पुढं दोन टोपल्या टाकायचे तेव्हा त्याची एक व्हायची. मुकादम त्याला म्हातारा म्हणून बायांच्या टोळीत घालायचा. तिथं त्याला कुणी हसलं नाही. रविवारी तो एकटा इस्पितळात जायचा. मोरू यायचा, पाय जुळवायचा, हात पुढं करायचा. पहिल्या रविवारी बाबाजी नुसता बघत बसला. दुसऱ्या रविवारी त्यानं त्या पुढं आलेल्या हातांत बोरं ठेवली. मोरूनं बोरांकडं बघितलं आणि वेळ संपेपर्यंत ती तशीच धरून बसला. पुढच्या वेळी त्यातली खाल्ली. बिया कुठं टाकाव्या ते त्याला कळेना. बाबाजीनं आपला हात पुढं केला, त्यात टाकल्या. कधी चणे असायचे, कधी गुळाचा खडा. दोघं बोलत नसत. एका रविवारी मोरू आला आणि हात पुढं न करता शेजारी बसला. बाबाजीनं चणे दोघांच्या मधे फडक्यावर ओतले.

माघात वाल काढायला बाबाजीला घरी जावं लागलं. त्याचा मचवा धरमतरला लागला तेव्हा मनुबाई गाठोडं घेऊन धक्क्यावर उभी होती. तोच मचवा पेंढा भरून परत जायचा होता. पेंढा चढेपर्यंत जेवढं बोलता आलं तेवढं दोघं बोलली. तिनं बैलाच्या खांद्याला गळू झाल्याचं सांगितलं, त्यानं मोरूला खोकला आहे म्हणून सांगितलं. मग ती चढली, तो उतरला. पुढं हे असंच चालू राहिलं. एक घरी, एक ठाण्याला. वर्षभरात नवरा-बायको नांदली ती कापणीपुरती. बाकी गाठ पडायची ती धक्क्यावर.

राब भाजून झाला. पाऊस लागायच्या आधी शेवटची मिठाची ओढ असते, तेवढी करून यावी म्हणून वैशाखात बाबाजी निघाला. पेरणीची तयारी करायला मनुबाई परत येत होती. ऊन करपवत होतं. धक्क्यावर ओहोटीनं सुकतीचा चिखल उघडा पडला होता आणि मचव्यातून काठापर्यंत फळी टाकली होती. मनुबाई फळीवरून उतरली, गाठोडं खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं.

"कसा हाय?" बाबाजीनं विचारलं.

"हाय. केस वाढलेत. खोकला गेला. परवा शिपायाशी भांडला."

"मारलान?"

"न्हाय, नुसता बोलला. तिकडं मळ्यात मिरची लावलेय त्यांनी. पाट चुकीचा काढलाय म्हणतो. पाणी वरच्याच वाफ्यात मुरतं, खालची झाडं सुकतात. शिपाई ऐकत न्हाय. मला म्हणलान, बाला सांग. बा आला की उतार बघंल."

बाबाजी खांद्यावरचं गाठोडं सारखं करत होता. त्याचा हात तिथंच राहिला.

"माझं नाव घेतलान?"

"नाव कशाला घेईल? बा म्हणलान."

तांडेलानं हाक मारली. पाणी चढायला लागलं होतं, मचव्याचं बूड चिखलातून सुटून हललं. बाबाजी फळीवर एक पाय ठेवून वळला.

"उतार कुठल्या अंगाला हाय गो तिकडं?"

"मला काय ठाऊक," मनुबाई म्हणाली. "तुमीच बघा जाऊन."

बाबाजी फळीवरून वर चढला.